दंश करणाऱ्या माश्या आणि आपला शेजारी

ज्येष्ठ महिन्याच्या अखेरीस आळंदीहून पालखी निघते, व ती आमच्या विश्रांतवाडीवरून पुण्याच्या वाटेस लागते. रस्त्याच्या कडेस उभें राहून तो समुदाय पाहण्याचा प्रसंग आम्हांस पुष्कळ वेळां आला आहे. एका वर्षीं पावसाची एक सर नुकतीच येऊन गेली होती, आणि मागून आलेल्या एका गाडीचे दोन बैल आमच्यासमोर थांबले होते. त्यांतील एकाच्या पोटावर करड्या रंगाची एक मोठी माशी बसली. बैलानें कातडी थरथरविली, पाय आपटला, शेपटी मारली. तेव्हां ती उडाली, आणि लांब न जातां शेजारच्या बैलाच्या मानेवर जाऊन बसली. पहिल्या बैलाच्या पोटावर रक्ताचा एक थेंब उभा राहिला होता. आमच्याबरोबर मंडळींतला एक दहा-बारा वर्षांचा मुलगा होता. त्यानें विचारलें, "पाळकसाहेब, त्या माशीचें पोट भरलें नव्हतें म्हणून ती दुसऱ्याकडे गेली का?"

प्रश्न साधा होता, परंतु त्यानें नेमक्या वर्मावर बोट ठेविलें होतें. त्या अर्धवट राहिलेल्या जेवणांतच एका मोठ्या रोगाचें मूळ आहे. आजच्या पाठांत आपण तोच विषय घेऊं. आमचे उपदेशक व शाळाशिक्षक बंधु यांस विनंति कीं, त्यांनीं हा पाठ मंडळीस एकदां तरी वाचून दाखवावा. कारण ज्यांच्या घरीं गुरें आहेत किंवा लहान मुलें आहेत अशा सर्वांशीं याचा संबंध आहे.

१. दंश करणाऱ्या माश्या कोणत्या?

घरांत जेवणावर बसणारी साधी माशी दंश करीत नाहीं. तिच्या तोंडाला कातडी भेदण्याजोगें साधनच नाहीं. ती घाणीवर बसून आपल्या पायांनीं व तोंडानें घाण अन्नावर आणते, आणि त्यामुळें हगवणीसारखे रोग पसरतात. तो पाठ निराळा आहे. आज आपणांस रक्त पिणाऱ्या माश्यांचा विचार करावयाचा आहे, आणि त्यांत तीन प्रकार आपल्या ओळखीचे आहेत.

पहिली गोमाशी. ही मधमाशीएवढी किंवा तिच्याहूनही मोठी असते. तिचे डोळे मोठे असून तोंडांत सुरीसारखीं पातीं असतात. ती सुई टोचल्याप्रमाणें रक्त ओढीत नाहीं, तर कातडी कापते आणि त्या जखमेंत सांचलेलें रक्त चाटून घेते. म्हणूनच तिचा दंश फार झोंबतो. रक्त पिते ती मादी. तिला अंडीं घालण्यासाठीं त्याची गरज असते. नर फुलांतील रस पिऊन राहतो व कोणासही चावत नाहीं. हिच्या अळ्या ओढ्याकांठच्या चिखलांत व ओल्या मातींत वाढतात. यामुळें पावसाळा सुरू झाला कीं गोमाश्या वाढतात.

दुसरी गोठ्यांतील चावरी माशी. ही दिसण्यांत घरमाशीसारखीच असते, पण तिच्या डोक्यापुढें एक ताठ सोंड निघालेली दिसते. कुजलेलें गवत, शेण व मूत्र एकत्र होऊन जेथें सडतें तेथें ती अंडीं घालते. गुरांच्या पायांवर बसलेल्या माश्या पाहा. त्यांत ही सांपडेल.

तिसरी वाळूमाशी. हिला माशी म्हणतात खरी, पण ही डांसाहूनही लहान, दोन-तीन मिलिमीटर लांबीची असते. तिच्या अंगावर केंस असतात व बसतांना ती पंख उभे धरते. ती फार उंच उडत नाहीं. भिंतीवरून उड्या मारीत जाते. हिच्याविषयीं पुढें सांगूं.

२. सर्रा रोगाचा इतिहास

घोडे, उंट, कुत्रीं, बैल व म्हशी यांस होणारा सर्रा नांवाचा एक रोग आहे. या रोगाचें कारण प्रथम आपल्याच देशाच्या त्या वेळच्या हद्दींत सांपडलें. इ. स. १८८० मध्यें ग्रिफिथ इव्हान्स नांवाच्या पशुवैद्यानें डेरा इस्माइलखान येथें (हें गांव आतां पाकिस्तानांत आहे) आजारी घोड्यांचें व उंटांचें रक्त सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिलें. त्यांत त्यास सापासारखे वळवळणारे अतिसूक्ष्म जीव दिसले. त्यांस ट्रिपॅनोसोमा म्हणतात. सस्तन प्राण्यांस अशा जीवापासून रोग होतो ही गोष्ट तेव्हां प्रथमच उघडकीस आली, आणि इव्हान्सच्याच नांवावरून या जीवास पुढें नांव मिळालें. पांच वर्षांनीं, इ. स. १८८५ मध्यें, जे. एच. स्टील यांनीं ब्रह्मदेशांत सैन्याच्या खेंचरांमध्यें याच रोगाचा अभ्यास केला. हेच स्टीलसाहेब इ. स. १८८६ मध्यें मुंबईस स्थापन झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले.

आमच्या पुण्याचाही या इतिहासाशीं संबंध आहे. इ. स. १८८९ मध्यें गुरांच्या रोगांचा शोध करण्यासाठीं सरकारनें एक प्रयोगशाळा काढली, ती पुण्यास. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनीं घोड्यांच्या सर्रा रोगावर काम करून इ. स. १८९३ मध्यें त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं ती प्रयोगशाळा हिमालयांतील मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच. पुढें इ. स. १९०१ मध्यें लिओनार्ड रॉजर्स यांनीं गोमाश्यांच्या दंशानें सर्रा एका जनावरापासून दुसऱ्यास होतो हें प्रयोगानें दाखविलें.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर देतां येतें. हिंवतापाचा जंतु डांसाच्या शरीरांत कांहीं दिवस राहून वाढतो व मग दुसऱ्यास बाधतो. सर्ऱ्याच्या जीवाचें तसें नाहीं. तो गोमाशीच्या शरीरांत वाढत नाहीं. तेथें तो फार वेळ जगतही नाहीं. माशीनें पोटभर रक्त प्यालें आणि ती स्वस्थ जाऊन बसली, तर त्या रक्तापासून दुसऱ्यास भय थोडेंच. परंतु तिचा दंश झोंबत असल्यामुळें जनावर तिला हांकलतें. तिचें तोंड रक्तानें ओलें असतें आणि पोट अर्धें रिकामें. अशा स्थितींत ती कांहीं मिनिटांतच जवळच्या दुसऱ्या जनावराला चावते, आणि पहिल्याच्या रक्तांतला रोग दुसऱ्याच्या रक्तांत जातो. जितकीं जनावरें जवळ बांधलेलीं, तितकी ही वाट सोपी.

रोग झाल्यावर काय होतें तेंही ध्यानांत ठेवावें. ताप येतो, उतरतो व पुन्हां येतो. जनावर खातें, तरी वाळत जातें. डोळ्यांच्या पापण्या आंतून फिक्या दिसूं लागतात. पायांस व पोटाखालीं सूज येते. घोडा व उंट यांस उपचार न मिळाल्यास बहुधा मृत्यु येतो. बैल व म्हशी यांचें लक्षण मात्र फसवें असतें. पुष्कळदां तीं बाहेरून धड दिसतात, दूध थोडें कमी होतें एवढेंच. पण रक्तांत रोग असतोच, आणि त्यांच्यापासून माश्या तो दुसऱ्यांकडे नेत राहतात. कधीं कधीं एकादी म्हैस एकाएकीं गोल फिरूं लागते, धडपडते व थोड्याच वेळांत मरते. तेव्हां लोक म्हणतात, कोणीं करणी केली.

३. आमची एक चूक

येथें आमच्याच अनुभवांतील एक गोष्ट सांगणें आम्हांस प्राप्त आहे. पूर्वीं आम्ही एका खेड्यांतील मंडळींत सेवा करीत होतों. तेथें एका गृहस्थाची घोडी होती. तिच्यावरच त्याच्या टांग्याचें, म्हणजे पर्यायानें घराचें, पोट होतें. पावसाळ्यांत ती वाळूं लागली. पाय सुजले. चार दिवस बरी दिसे, पुन्हां मान खालीं घालून उभी राही. गृहस्थानें आमचा सल्ला विचारला. पशुवैद्याचा दवाखाना नऊ मैलांवर होता व शेतांचीं कामें आलीं होतीं. तो म्हणाला, "पुढच्या बाजारीं विकून टाकतों. बरी दिसते त्या दिवशीं नेली म्हणजे झालें."

ही गोष्ट योग्य नाहीं हें आम्हांस कळत होतें; परंतु त्याच्या घरांतील मुलांकडे पाहून आम्हीं कांहींच बोललों नाहीं. घोडी विकली गेली. दिवाळीच्या सुमारास शेजारच्या गांवचा एक गरीब टांगेवाला आमच्याकडे आला. घोडी मेली होती, आणि तिच्याशेजारीं बांधलेला त्याचा जुना घोडाही त्याच आजारानें पडला होता. त्या घोड्याचें रक्त तपासलें तेव्हां सर्रा निघाला. वेळेवर टोंचलें म्हणून तो घोडा वांचला, पण त्या मनुष्याची उधारी वांचली नाहीं. ज्यानें विकली त्यासच दोष देणें आम्हांस शक्य नाहीं. आम्ही बोललों असतों तर तो नऊ मैल चालला असता. रोग लपविला म्हणजे तो नाहींसा होत नाहीं, त्याचा फक्त मालक बदलतो, हा धडा आम्हीं दुसऱ्याच्या खर्चानें शिकलों.

४. सिंदेवाही तालुक्यांतील शेतकरी

सर्रा हा जनावरांचाच रोग, माणसास तो होत नाहीं, अशी शंभर वर्षांहून अधिक काळ सर्वांची समजूत होती. ती इ. स. २००४ मध्यें आपल्याच महाराष्ट्रांत मोडली. चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत एका शेतकऱ्यास महिनोगणती ताप येत होता; येई, जाई व पुन्हां येई. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांनीं त्याच्या रक्तांत जे वळवळणारे जीव पाहिले ते हिंवतापाचे नव्हते. ते सर्ऱ्याचे होते. माणसांत सर्ऱ्याच्या या जीवाचा निश्चित पुरावा मिळालेला जगांतील हा पहिला रोगी. त्यावरील सुरामिन नांवाचें औषध जागतिक आरोग्य संघटनेनें पुरविलें, आणि तो मनुष्य बरा झाला.

मग बाकीच्या माणसांस हा रोग कां होत नाहीं? आपल्या रक्तांत एक प्रथिन आहे. तें सर्ऱ्याच्या जीवास मारून टाकतें. गोमाशी आपणांसही चावते, पण तिनें आणलेला शत्रु आपल्या रक्तांत टिकत नाहीं. बेल्जमच्या शास्त्रज्ञांनीं या शेतकऱ्याचें रक्त तपासलें तेव्हां त्यांत तें प्रथिनच नसल्याचें दिसून आलें. आईकडून व बापाकडून, दोहोंकडून त्यास जो वारसा मिळाला होता, त्यांतच ही उणीव होती. इ. स. २००६ मध्यें हा शोध प्रसिद्ध झाला. त्या शेतकऱ्याच्या गांवांतील १८०६ लोकांचें रक्तही तपासण्यांत आलें. पुष्कळांच्या रक्तांत या जीवाशीं संबंध आल्याच्या खुणा दिसल्या, परंतु जिवंत जीव एकाच्याही रक्तांत सांपडला नाहीं.

वाचकहो, या गोष्टीकडे जरा थांबून पाहा. आपण ज्यास आपली प्रकृति म्हणतों, तिच्यांत आपली कमाई काय आहे? त्या शेतकऱ्यानें कांहीं पाप केलें नव्हतें, कांहीं निष्काळजीपणाही केला नव्हता. जी ढाल इतरांस न मागतां मिळाली ती त्यास मिळाली नव्हती, एवढेंच. निर्गमाच्या पुस्तकांत गोमाश्यांच्या थव्यांची गोष्ट आपण वाचतों, आणि कांहीं बंधु तीवरून असा अर्थ काढतात कीं, ज्याच्या दारीं हा रोग आला त्यावर देवाचा कोप आहे. तो प्रसंग एका हट्टी राजास दिलेली विशेष खूण होती. शेजाऱ्याचा बैल मेला म्हणून त्यास अपराधी ठरविण्यास तेथें आधार नाहीं.

आणखी एक सावधगिरी. इ. स. २०१५ मध्यें व्हिएतनाम देशांतील एका स्त्रीसही हाच रोग झाल्याचें आढळलें. तिच्या रक्तांत तें प्रथिन होतें, तरी झाला. कच्चें मांस कापतांना हाताच्या जखमेंतून रोग शिरला असावा असा डॉक्टरांचा तर्क आहे. हे प्रसंग फार विरळ आहेत, त्यांचें भय घेऊं नये. परंतु हातास जखम असतां आजारी जनावराच्या रक्तास किंवा मेलेल्या जनावराच्या मांसास हात लावूं नये, हें आमच्या ज्या बंधूंच्या घराण्यांत हें काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें त्यांनीं तरी अवश्य ध्यानांत ठेवावें. मांसाच्या वाटेनें हा रोग हिंस्र पशूंसही होतो. इ. स. २००० मध्यें ओडिशांतील नंदनकानन प्राणिसंग्रहालयांत याच रोगानें अनेक वाघ मेले.

५. एका माशीनें अडविलेली जमीन

या माश्यांमुळें केवळ एक-दोन जनावरेंच नव्हे, तर सबंध प्रदेशाची स्थिति कशी बदलते, हें पाहावयाचें तर आफ्रिका खंडाकडे पाहावें. तेथें त्सेत्से नांवाची माशी आहे. सर्ऱ्याच्या जीवाचे भाऊबंद तिच्या शरीरांत वाढतात, आणि त्यांपासून गुरांस नागाना व माणसास निद्रारोग होतो. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनीं इ. स. १८५७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथांत या माशीचें वर्णन केलें आहे. तिच्यामुळें त्यांचे बैल मेले होते. इ. स. १८६६ च्या शेवटच्या प्रवासास निघतांना त्यांनीं मुंबईहून आपल्याकडील म्हशी, उंट, खेंचरें व गाढवें बरोबर नेलीं. हीं जनावरें त्या माशीपुढें टिकतात कीं काय, हें त्यांस पाहावयाचें होतें. तीं टिकलीं नाहींत; वाटेंतील हालांची व वाईट वागणुकीचीही त्यांत भर पडली. त्या प्रवासांत नाशिकजवळील शरणपूर येथें शिकलेले नऊ आफ्रिकी तरुण त्यांच्याबरोबर होते. गुलामगिरींतून सुटलेल्या व आपल्या महाराष्ट्रांत वाढलेल्या त्या तरुणांनीं ही माशी डोळ्यांनीं पाहिली असेल.

इ. स. १८९५ मध्यें डेव्हिड ब्रूस यांनीं झुलू लोकांच्या मुलखांत नागानाचें कारण शोधून काढलें. जेथें ही माशी तेथें बैल नाहीं. जेथें बैल नाहीं तेथें नांगर नाहीं, गाडी नाहीं, शेणखत नाहीं, दूध नाहीं. माणसानें हातांत कुदळ घेऊन जेवढें खणवेल तेवढेंच शेत. आपल्या गांवांतून सगळे बैल एका रात्रींत नाहींसे झाले असें क्षणभर मनांत आणा, म्हणजे त्या लोकांची स्थिति कळेल.

एकाच्या नाशांतून दुसऱ्याचा नाश कसा उद्भवतो याचेंही तेथें उदाहरण आहे. इ. स. १८९० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेंत बुळकांडी शिरली व गुरांचे कळपच्या कळप मेले. चरणारीं गुरें नाहींशीं झालीं, माणसें उपासमारीनें उठून गेलीं, आणि मोकळ्या कुरणांवर झुडपें माजलीं. झुडपांची सावली त्सेत्सेला मानवते. पुढें वनांतील पशु पुन्हां वाढले, तेव्हां तिला रक्तही मिळालें, आणि जेथें ती नव्हती तेथें ती पसरली. इ. स. १९०० पासून पुढील वीस वर्षांत युगांडांतील सरोवराकांठीं निद्रारोगानें अडीच लाखांहून अधिक माणसें मेलीं.

यावर उपाय म्हणून दक्षिणेकडील कित्येक भागांत सरकारांनीं वन्य पशूंचीच कत्तल केली. माशीला रक्त मिळूं नये म्हणून लाखो हरणें, रेडे व इतर जनावरें गोळ्या घालून मारिलीं. इतका संहार करूनही माशी समूळ गेली नाहीं. पुढें लोकांस अधिक शहाणपणाचे मार्ग सांपडले. त्सेत्सेला निळा व काळा रंग ओढतो हें पाहून त्या रंगांच्या कापडाचे सांपळे लावण्यांत आले. झांझीबारच्या उंगुजा बेटावर इ. स. १९९४ पासून १९९७ पर्यंत वांझ केलेले नर लाखोंनीं सोडून ती माशी नाहींशी करण्यांत आली. गांवोगांव जाऊन रोगी हुडकून काढण्याचें काम तर अखंड चाललेंच होतें. इ. स. १९९८ मध्यें निद्रारोगाचे सुमारें चाळीस हजार रोगी नोंदले गेले होते; इ. स. २०१८ मध्यें ती संख्या एक हजाराच्या आंत आली. बंदुकीनें जें झालें नाहीं तें चिकाटीनें झालें.

आपणही हें ध्यानांत ठेवावें. पावसाळ्यांत गुरांमागें हिंडणारे गायबगळे, तारांवर बसणारे कोतवाल पक्षी, ओढ्यावरचे चतुर हे सर्व आपले मित्र आहेत. ते माश्या खातात. दिसेल तेथें विषारी औषध फवारून हे मित्र मारले, तर माशी लवकर परत येते, मित्र मात्र उशिरा येतात.

६. वाळूमाशी आणि लहान मुलें

आतां त्या सर्वांत लहान माशीकडे वळूं. आकारानें ती लहान असली तरी मुलांस हिचेंच भय अधिक आहे.

पुण्यांत इ. स. १९५२ मध्यें विषाणु संशोधन केंद्र स्थापन झालें. त्यासच इ. स. १९७८ पासून राष्ट्रीय विषाणु संस्था हें नांव आहे. इ. स. १९६५ मध्यें नागपूरकडील चांदीपुरा येथें तापाची सांथ होती, तेव्हां तेथील दोन रोग्यांच्या रक्तांतून या केंद्रांतील भट्ट व रॉड्रिग्स या शास्त्रज्ञांनीं एक नवा विषाणु वेगळा काढला. गांवाच्या नांवावरून त्याचें नांव चांदीपुरा पडलें. तो वाळूमाशीच्या दंशानें पसरतो. कित्येक वर्षें त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. इ. स. २००३ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यांत आंध्र प्रदेशांत ३२९ मुलांस मेंदूचा दाह झाला व त्यांतील १८३ मुलें मेलीं. तपासांत हा विषाणु निघाला. इ. स. २००७ मध्यें आपल्या नागपूर विभागांतही मुलांमध्यें अशी सांथ आली. इ. स. २०२४ च्या जून ते ऑगस्ट या काळांत मेंदूदाहाचे २४५ रोगी नोंदले गेले. ते मुख्यत्वें गुजरातेंतील होते. त्यांतील ८२ दगावले, आणि ६४ जणांस चांदीपुरा झाल्याचें तपासणीनें ठरलें.

या रोगाची चाल फार जलद आहे. सकाळीं खेळत असलेल्या मुलास एकाएकीं जोराचा ताप भरतो, ओकाऱ्या होतात, झटके येतात, शुद्ध जाते. आणि एक-दोन दिवसांतच सर्व संपण्याचा संभव असतो. यावर खास औषध नाहीं, लसही नाहीं. मग रुग्णालयांत नेऊन काय उपयोग, असें कोणी विचारील. उपयोग मोठा आहे. ताप उतरविणें, झटके थांबविणें, श्वास चालू ठेवणें, शरीरांतील पाण्याचें प्रमाण राखणें, एवढ्यानेंही मूल वांचूं शकतें. पण तें पहिल्या कांहीं तासांत झालें पाहिजे. अंगारा लावण्यांत व बाहेरचें बघणाऱ्याची वाट पाहण्यांत जी रात्र जाते, तीच त्या मुलाची शेवटची संधि असते. आणि ख्रिस्ती घरांतही, प्रार्थना केली आहे, सकाळपर्यंत पाहूं, असें म्हणून जर कोणी बसून राहिला, तर ती श्रद्धा नव्हे, ती दिरंगाई होय. प्रार्थना वाटेनें चालतांनाही करतां येते.

वाळूमाशी पाण्यांत वाढत नाहीं. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यांतील ओलसर केरकचरा, घराच्या भिंतीस लागून असलेला उकिरडा, हीं तिचीं घरें. ती तिन्हीसांजेस व रात्रीं बाहेर पडते. मोठ्या भोंकांच्या मच्छरदाणींतून ती आंत शिरते. म्हणून मच्छरदाणी बारीक विणीची व औषध लावलेली असावी.

७. आपण काय करावें?

घरीं व मंडळींत लागलीच करतां येतील अशा गोष्टी आम्ही येथें देतों.

गोठा रोज झाडून शेण व ओलें गवत घरापासून दूर खड्ड्यांत टाकावें व वर माती लोटावी. चावऱ्या माशीचें प्रसूतिगृह तेथेंच आहे.

भिंतींच्या भेगा माती-चुन्यानें लिंपून बंद कराव्यात. आरोग्य खात्याचे लोक भिंतींवर औषध फवारण्यास आले असतां त्यांस दारांतून परत पाठवूं नये.

पावसाळ्यांत संध्याकाळीं गोठ्यांत कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करावा. मात्र तो मुलांच्या व म्हाताऱ्यांच्या खोलींत जाऊं देऊं नये.

वाळत जाणारें व वरचेवर ताप येणारें जनावर इतरांपासून दूर बांधावें. माशी अर्धपोटीं जवळच्याच जनावराकडे जाते, हें आठवावें. पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्यावें. सर्ऱ्यावर औषध आहे, आणि वेळेवर दिल्यास त्याचा गुण येतो.

असें जनावर न सांगतां विकूं नये. ज्याचें जनावर आजारी आहे त्याच्यावर बहिष्कार घालूं नये, नाहीं तर तो पुढच्या खेपेस लपवील. मंडळीनें त्याला चार दिवस बैल उसना द्यावा, म्हणजे त्यास खरें बोलणें परवडेल.

मुलास एकाएकीं ताप व झटके आले तर रात्र असली तरी निघावें. कोणाचें वाहन कोठें मिळेल, हें प्रत्येक गांवच्या मंडळीनें आधींच ठरवून ठेवावें.

त्या मुलाला आम्हीं रस्त्यावर उभ्याउभ्याच उत्तर दिलें होतें कीं, होय, तिचें पोट भरलें नव्हतें. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "मग पहिला बैल आजारी असेल तर दुसऱ्याच्या धन्याला कोणीतरी सांगायला पाहिजे." तेवढ्यांत गाडी पुढें सरकली. आम्हांस त्या वेळीं ती घोडी आठवली, व त्याला काय बोलावें हें सुचलें नाहीं. आज तें लिहून मोकळे होत आहों. कोणीतरी सांगायला पाहिजे, आणि तो कोणीतरी बहुधा आपणच असतों.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. घरमाशी व गोमाशी यांच्यापासून होणाऱ्या अपायांत काय फरक आहे?

२. गोमाशीचें पोट अर्धें राहणें हें सर्रा पसरण्याचें कारण कसें होतें?

३. सिंदेवाही तालुक्यांतील शेतकऱ्यास जो रोग झाला तो त्याच्या गांवांतील इतरांस कां झाला नाहीं? त्यावरून आजारी मनुष्यास दोष देण्याविषयीं आपण काय शिकतों?

४. आफ्रिकेंत गुरें मेल्यानंतर त्सेत्से माशी कशी वाढली? वन्य पशूंची कत्तल करून काय साधलें?

५. मध्यरात्रीं मुलास झटके आले तर आपल्या गांवांतून रुग्णालयांत कसें जातां येईल? मंडळीनें एकत्र बसून याचें उत्तर ठरवावें, व तें शाळेच्या किंवा मंदिराच्या दारावर लिहून लावावें.